स्फोटकांची प्रयोगशाळेतली छोटी चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, दगडखाणीच्या कामाशी संबंध असलेल्या वाचकांनी आणि दर दिवाळीत फटाक्यांवरून वाद घालणाऱ्यांनी पाठवलेले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. स्फोटक कसं बनवायचं, कशात काय मिसळायचं असेही प्रश्न येतात. ते इथे घेतलेले नाहीत आणि घेणारही नाही.

१. स्फोटकाची ‘कामगिरी’ तपासतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

आधी एक गोंधळ मिटवू. माल किती सहज पेटतो किंवा फुटतो ही त्याची संवेदनशीलता. फुटल्यावर किती काम करतो ही कामगिरी. या दोन्ही गोष्टी लोक हमखास एकमेकांत मिसळतात. कामगिरीत डेटोनेशनची लाट (मालाला क्षणात फोडत पुढे जाणारी धक्क्याची लाट) मालातून किती वेगाने धावते, लाटेच्या तोंडाशी दाब किती असतो, शेजारचा धातू किती वेगाने फेकला जातो आणि एकूण वायू व उष्णता किती निघते हे बघतात.

दोन्हींचा एकमेकांशी ठरावीक संबंध नाही. डिटोनेटरमधलं, म्हणजे मोठा स्फोट सुरू करून देणाऱ्या छोट्या टोपीतलं, लेड अझाइड किरकोळ धक्क्यानेही ‘जातं’, म्हणजे फुटतं, पण ताकदीत आरडीएक्सच्या जवळपासही नाही. उलट टीएटीबी नावाचं स्फोटक हातोड्याच्या चाचणीत (प्रश्न ५) पूर्ण उंचीवरून वजन टाकलं तरी सहसा दाद देत नाही, आणि त्यातल्या लाटेचा वेग मात्र टीएनटीपेक्षा जास्त. असा माल सापडणं दुर्मीळ, म्हणून त्याला एवढी किंमत.

२. ज्यात ऊर्जा जास्त ते स्फोटक जास्त जोरदार, बरोबर ना?

नाही. एक किलो टीएनटीतून साधारण ४.२ मेगाज्यूल ऊर्जा निघते असं धरतात. एक किलो साजूक तुपात ३७ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे जवळजवळ नऊपट. तरी तुपाच्या बरणीला कुणी घाबरत नाही, कारण तुपाला जळायला बाहेरून हवा लागते आणि ते सावकाश जळतं. टीएनटीच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसवलेला असतो. दहा सेंटीमीटर लांबीच्या कांडीतून लाट पार व्हायला एका सेकंदाचा सुमारे सत्तर हजारावा भाग पुरतो. सगळा खेळ या वेळेचा आहे, म्हणून नुसती उष्णता मोजून कामगिरी कळत नाही. उष्णता मोजतात, बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये (बंद, जाड धातूच्या भांड्यात) मोजतात, पण तो अनेक आकड्यांपैकी एक आकडा.

३. एवढ्याशा नमुन्यावर चाचणी का? सरळ मोठा स्फोट करून का बघत नाहीत?

पहिलं कारण व्यवहाराचं आहे. नवा रेणू पहिल्यांदा तयार होतो तेव्हा हातात काहीशे मिलीग्रॅम माल असतो. तेवढाच बनवायला एखाद्या संशोधकाचे महिने गेलेले असतात. किलोभर बनवण्याआधी तो बनवण्याच्या लायकीचा आहे का, हे कळायला हवं.

दुसरं कारण जिवाचं. अनोळखी माल हाताळायचाच असेल तर तो इतका कमी हवा की गेला तरी ढालीमागे बसलेल्या माणसाला फक्त आवाज ऐकू यावा. म्हणून चाचण्या पायरीपायरीने मोठ्या होतात. उष्णतेच्या चाचणीला एक-दोन मिलीग्रॅम, हातोड्याला चिमूटभर, शिशाच्या ठोकळ्याला (प्रश्न ९) दहा ग्रॅम, तांब्याच्या नळीला (प्रश्न ११) शेकडो ग्रॅम. प्रत्येक पायरीचा निकाल बघून पुढची पायरी चढायची की तिथेच थांबायचं ते ठरतं. बरेच रेणू पहिल्या दोन पायऱ्यांतच बाद होतात, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

४. नवा पदार्थ आला की सगळ्यात आधी काय करतात?

संवेदनशीलता बघतात. कामगिरीची घाई कुणी करत नाही. सुरुवात बहुतेक ठिकाणी डीएससी यंत्रापासून होते. छोट्याशा धातूच्या वाटीत मिलीग्रॅमभर माल घेऊन तो ठरावीक गतीने तापवायचा आणि तो उष्णता घेतो की सोडतो याचा आलेख काढायचा. टीएनटीचा आलेख वाचायला सोपा असतो. ८१ अंशांच्या जवळ वितळण्याची खोलगट, मग बराच वेळ शांतता, आणि ३०० अंशांच्या आसपास विघटनाचा उंच सुळका. वितळणं आणि फुटणं यांच्यात एवढं अंतर आहे म्हणूनच टीएनटी वाफेच्या उष्णतेवर वितळवून गोळ्यांत ओतता येतं. ज्या पदार्थाचं वितळणं आणि विघटन एकमेकांना चिकटून येतं, तो ओतकामाच्या यादीतून तिथेच कटतो.

त्यानंतर हातोडा (प्रश्न ५), घर्षण आणि स्थिर वीज (प्रश्न ८).

५. हातोडा चाचणीत नेमकं काय होतं? खरंच हातोडा मारतात का?

हातात धरून मारत नाहीत. दोन उभ्या सळयांच्या मधून ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडतात. जर्मनीतल्या बाम या संस्थेच्या पद्धतीत वजनं १, ५ आणि १० किलोची असतात. नमुना ४० घन मिलीमीटर, म्हणजे बाजरीच्या दोन-चार दाण्यांएवढी भुकटी. ती १० मिलीमीटर व्यासाच्या दोन पोलादी दंडगोलांच्या मध्ये ठेवतात आणि दंडगोल सरकू नयेत म्हणून भोवती पोलादी कडं. एक किलो वजन दहा सेंटीमीटरवरून पडलं की साधारण १ ज्यूल ऊर्जा मिळते.

मग बघायचं आणि ऐकायचं. आवाज किंवा ज्वाळा आली तर ‘स्फोट’. नुसता रंग बदलला, वास आला, पण ना आवाज ना ज्वाळा, तर ‘विघटन’. काहीच नाही तर ‘प्रतिक्रिया नाही’. सहा प्रयत्नांत निदान एकदा स्फोट होईल अशी सगळ्यात कमी ऊर्जा शोधतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहतुकीच्या चाचणी-पुस्तिकेप्रमाणे ही मर्यादा २ ज्यूल किंवा त्याखाली आली, तर माल त्या रूपात वाहतुकीला नेणं धोक्याचं ठरतं. नायट्रोग्लिसरीन १ ज्यूलच्या आत-बाहेर जातं. टीएनटीला १५ ज्यूलच्या घरात ऊर्जा लागते.

ऐकायला सोपं वाटतं, पण दर प्रयत्नाला नवा दंडगोल, नवी भुकटी, सगळं पुसून कोरडं. एकदा जोराचा दणका बसलेला पोलादाचा पृष्ठभाग पुन्हा वापरला की आकडा बिघडतो.

६. काही तक्त्यांत ज्यूल नसतात, सेंटीमीटरमध्ये ‘५० टक्के उंची’ असते. ती कशी काढतात?

ही चढ-उताराची पद्धत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रूसटनच्या स्फोटक प्रयोगशाळेत ती रुळली, म्हणून तिला ब्रूसटन पद्धत म्हणतात. माल गेला की पुढचा प्रयत्न एक पायरी खालून, नाही गेला की एक पायरी वरून. असे पंचवीस-तीस प्रयत्न झाले की उंची आपोआप एका जागेभोवती घुटमळू लागते. त्या उंचीवर माल जाण्याची आणि न जाण्याची शक्यता सारखी असते. अडीच किलोच्या वजनाला आरडीएक्सची उंची २५ सेंटीमीटरच्या आसपास येते आणि टीएनटीची दीड मीटरच्या.

या आकड्याची एक गोची आहे. कारखान्यातल्या कामगाराला ‘दोनदा पडलं तर एकदा जातं’ ही उंची नको असते. त्याला लाखात एकदाही जाणार नाही ती उंची हवी असते. ब्रूसटन पद्धत मधल्या भागात अचूक आणि टोकांना लंगडी. तिच्यावरून टोकाचा अंदाज बांधणं म्हणजे सरासरी पावसावरून पुराची पातळी सांगण्यासारखं आहे.

७. एकाच स्फोटकाचे आकडे दोन पुस्तकांत वेगळे कसे? कुणाचं खरं मानायचं?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. एका प्रयोगशाळेत भुकटीखाली सँडपेपर ठेवतात, दुसरीकडे उघडं पोलाद. एकीकडे आवाज माइकने मोजतात, दुसरीकडे माणूस कानाने ठरवतो. कणांचा आकार बदलला, खोलीतली दमट हवा बदलली, स्फटिकांना टोकं आहेत की ते गोलसर आहेत एवढं जरी बदललं, तरी आकडा हलतो.

म्हणून शहाणे लोक सुटा आकडा देत नाहीत. त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, ओळखीचा माल, बहुधा आरडीएक्स, पीईटीएन किंवा टीएनटी, तपासून त्याचा निकाल शेजारी लिहितात. ‘आमच्या यंत्रावर पीईटीएनपेक्षा मवाळ’ हे वाक्य ‘४.३ ज्यूल’ या आकड्यापेक्षा जास्त कामाचं. शोधनिबंधात संदर्भाचा माल दिला नसेल तर त्या तक्त्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

८. घर्षण आणि स्थिर वीज वेगळी का तपासतात? हातोड्यात सगळं आलंच की.

नाही आलं. एखादा माल ठोका सोसतो आणि घासलं की जातो. घर्षणाच्या यंत्रात चिनी मातीची छोटी खुंटी चिनी मातीच्याच खरबरीत पट्टीवर, मध्ये मालाचा कण ठेवून, एकदा पुढे-मागे सरकवतात. खुंटीवरचा भार बदलत जातात. संयुक्त राष्ट्रांच्या निकषात ८० न्यूटनच्या खाली गेलेला माल वाहतुकीच्या दृष्टीने धोकादायक.

स्थिर विजेचा धोका हिवाळ्यात जास्त, कारण हवा कोरडी. नायलॉनचा शर्ट काढताना तडतड होते, तेवढी ठिणगी काही प्राथमिक स्फोटकांना (लेड अझाइडसारख्या, डिटोनेटरमधल्या नाजूक मालाला) पुरून उरते. म्हणून या प्रयोगशाळांत सुती कपडे, वीज वाहून नेणारे बूट, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा आणि दारातच हात टेकवायला तांब्याची पट्टी. मोबाइल बाहेर. पाहुण्यांना हा सगळा बाऊ वाटतो, आत काम करणाऱ्यांना वाटत नाही.

९. शिशाच्या ठोकळ्याची चाचणी जुनी झाली म्हणतात. मग अजून शिकवतात कशाला?

कारण निकाल डोळ्यांना दिसतो. ऑस्ट्रियाच्या इसिडोर ट्राउझलच्या नावाने ती ओळखली जाते आणि १९०३ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र परिषदेत तिचं प्रमाण ठरलं. २० सेंटीमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा शुद्ध शिशाचा ठोकळा, मधोमध भोक, त्यात दहा ग्रॅम माल, वरून वाळू. स्फोटानंतर भोकाचा पेरूसारखा फुगवटा होतो. त्यात पाणी ओतून किती मावलं ते मोजायचं आणि मूळ भोकाचं माप वजा करायचं. टीएनटीला सुमारे ३०० घन सेंटीमीटर येतात.

पाणी ओतून स्फोटकाची ताकद मोजायची ही कल्पना मला अजूनही आवडते. पण त्रुटी खऱ्या आहेत. शिशाची शुद्धता आणि तापमान यांनी निकाल हलतो. फार जोरदार मालात ठोकळा आकड्याला न्याय देत नाही, आणि ज्या मालाला नीट फुटायला जाड थर लागतो त्याला दहा ग्रॅममध्ये संधीच मिळत नाही (प्रश्न १४). शिवाय एका चाचणीला सत्तर किलोच्या आसपास शिसं लागतं, जे आज कुठलीही प्रयोगशाळा आनंदाने वितळवणार नाही.

१०. सेकंदाला सात-आठ किलोमीटर असा वेग मोजतात तरी कसा?

कांडीच्या लांबीवर ठरावीक अंतरांवर विजेच्या बारीक सुया किंवा ऑप्टिकल फायबर बसवतात. लाट पोचली की संकेत येतो, आणि दोन सुयांमधलं अंतर भागिले दोन संकेतांमधला वेळ म्हणजे वेग. वेळ मायक्रोसेकंदांत असला तरी आजच्या ऑसिलोस्कोपला ते किरकोळ काम. इलेक्ट्रॉनिक उपकरणं नव्हती तेव्हा फ्रान्सच्या दोत्रीशने युक्ती काढली. वेग माहीत असलेल्या वातीत दोन्ही टोकांकडून लाट आणायची आणि त्या दोन लाटा शिशाच्या पट्टीवर कुठे भिडल्या त्या खुणेवरून अनोळखी मालाचा वेग काढायचा. घड्याळ लागतच नाही.

आकडा वाचताना घनता वाचायला विसरू नका. टीएनटीचा सेकंदाला ६,९०० मीटर हा वेग १.६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर घनतेचा आहे. सैल भुकटीत तो बराच खाली येतो. घनता न देता सांगितलेला वेग अर्धवट समजावा.

११. मग पोलादी पट्टीचा खळगा आणि तांब्याची नळी या चाचण्या कशासाठी?

खळग्याची चाचणी दाबाचा अंदाज देते. कांडी जाड पोलादी पट्टीवर उभी करून उडवतात आणि पडलेल्या खळग्याची खोली मोजतात. खोली आणि लाटेच्या तोंडाचा दाब यांचं नातं ओळखीच्या मालावरून आधीच बसवलेलं असतं. टीएनटीत हा दाब साधारण दोन लाख वातावरणं इतका असतो, एचएमएक्स या आणखी जोरदार स्फोटकात जवळपास दुप्पट.

नळीची चाचणी अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत बसवली गेली. एक इंच व्यासाच्या तांब्याच्या नळीत माल भरून एका टोकाने पेटवतात आणि नळीची भिंत किती वेगाने फुगत बाहेर जाते ते अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपतात. आता बऱ्याच ठिकाणी लेझरच्या डॉप्लर पद्धतीने (हलत्या भिंतीवरून परतलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या वारंवारतेवरून) तो वेग थेट वाचतात, आणि तेही दूरसंचारासाठी तयार होणाऱ्या फायबरच्याच सुट्या भागांवर. स्फोटक धातूला किती ढकलतं याचं सूत्र १९४३ साली रोनाल्ड गर्नीने मांडलं. त्या सूत्रात प्रत्येक स्फोटकाचा एक ठरलेला आकडा असतो, त्याला गर्नी वेग म्हणतात. टीएनटीचा गर्नी वेग सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर. या नळीला शेकडो ग्रॅम माल लागतो, त्यामुळे ‘छोटी’ चाचणी म्हणायला जीभ थोडी अडखळते.

१२. लेझर मारून मिलीग्रॅमभर मालावरून कामगिरी कळते असं वाचलं. खरं आहे?

खरं आहे, पण मर्यादेत. अमेरिकेच्या लष्करी संशोधन प्रयोगशाळेत जेनिफर गॉटफ्रीड यांनी ही पद्धत पुढे आणली. मालाचा पातळ थर काचपट्टीवर पसरायचा, त्यावर अगदी छोटा पण तीव्र लेझरचा ठोका द्यायचा. तेवढ्या जागेतल्या मालाचा प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) होतो आणि हवेत धक्क्याची लाट उठते. ती लाट अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपून तिचा वेग काढायचा. स्फोटक मालाच्या विघटनातली ऊर्जा त्या लाटेला मागून रेटते, म्हणून वेग वाढतो.

इथे नेहमीच्या अर्थाने डेटोनेशन होतच नाही. ओळखीच्या स्फोटकांचे लेझर-लाटेचे वेग आणि त्यांचे खरे डेटोनेशन वेग यांची जोडी लावून एक रेषा मिळते, आणि नव्या मालाचा अंदाज त्या रेषेवरून बांधतात. रेषेवरची जुनी मंडळी ज्या कुळातली आहेत त्याच कुळातला नवा माल असेल तर अंदाज चांगला. ॲल्युमिनियमची पूड घातलेले प्रकार आले की सावध राहावं, कारण ॲल्युमिनियम उशिरा जळतं. छोट्या लाटेत ते जे करतं तेच मोठ्या कांडीत त्याच क्षणी करेल असं नाही.

१३. संगणक सगळं सांगतो, मग चाचण्या हव्यातच कशाला?

कामगिरीच्या बाबतीत संगणक खरोखर चांगला आहे. १९६८ साली कॅमलेट आणि जेकब्स यांनी मांडलेलं सूत्र तर कागद-पेन्सिलीचं काम. रेणूत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन किती, तयार होण्याची उष्णता किती आणि घनता किती एवढ्यावर वेग व दाब काही टक्क्यांच्या फरकाने सांगतं.

संवेदनशीलतेत मात्र तो अडखळतो. तिथे रेणूपेक्षा स्फटिकातल्या भेगा, पोकळ्या आणि अशुद्धी जास्त बोलतात, आणि त्या सूत्रात बसत नाहीत. हातोड्याला अजून पर्याय नाही.

१४. छोट्या चाचणीत माल फुटला नाही. म्हणजे तो सुरक्षित, असंच ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर ठाम ‘नाही’.

जर्मनीतल्या ओपाऊच्या खत कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचं मिश्रण कोठारात साठवलेलं होतं. ते दगडासारखं बसायचं. ते फोडायला कामगार त्यात भोकं पाडून छोटे सुरुंग लावायचे. ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यामागे निष्काळजीपणा नव्हता, चाचण्या होत्या. छोट्या नमुन्यांवर, शिशाच्या ठोकळ्यातसुद्धा, हे मिश्रण ढिम्म राहिलं होतं. आणि हजारो वेळा सुरुंग लावूनही काही झालं नव्हतं. २१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी झालं. कोठारातल्या सुमारे साडेचार हजार टनांपैकी दहाएक टक्केच माल गेला असं मानतात. पाचशेहून अधिक माणसं मेली आणि कारखान्याच्या जागी प्रचंड खड्डा उरला.

चाचणी खोटी होती का? नाही, तिने विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर दिलं. प्रत्येक स्फोटकाला एक किमान जाडी लागते, तिला क्रांतिक व्यास म्हणतात. त्याहून बारीक कांडीत लाटेची ऊर्जा कडेने निसटते आणि लाट विझते. एचएमएक्ससारख्या मालाला ही जाडी अगदी थोडी पुरते, खतासारख्या मंद मालाला खूप मोठी लागते. मंद मालाचा छोटा नमुना घेणं म्हणजे त्याला फुटायची संधी नाकारणं. त्यात भर म्हणजे ओपाऊत मिश्रण वाळवण्याची पद्धत काही काळाआधी बदलली होती. आधी तपासलेला माल आणि कोठारातला माल तंतोतंत एक नव्हता.

उष्णतेचंही असंच. मिलीग्रॅमभर माल तापला तर उष्णता वाटीतून लगेच बाहेर पडते. ढिगाच्या पोटातली उष्णता अडकते, माल स्वतःला तापवत जातो, आणि डीएससीच्या आलेखातल्या सुळक्यापेक्षा खूप खालच्या तापमानाला काही दिवसांनी पेट घेऊ शकतो. म्हणून छोट्या चाचणीत ‘फुटला’ हे उत्तर भरवशाचं आणि ‘नाही फुटला’ हे उत्तर फक्त त्या मापापुरतं.

१५. बातम्यांत ‘इतक्या टन टीएनटीएवढा स्फोट’ म्हणतात. ते प्रयोगशाळेत मोजलेलं असतं का?

नसतं. एक टन टीएनटी म्हणजे ४.१८४ गिगाज्यूल हे ठरवून घेतलेलं एकक आहे. मोठ्या स्फोटात तुटलेल्या काचा, खड्ड्याचा आकार, भूकंपमापकाच्या नोंदी आणि आता लोकांच्या मोबाइलमधल्या चित्रफिती यांवरून मागे जात अंदाज बांधतात. बैरुतला ४ ऑगस्ट २०२० रोजी सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा साठा गेला, पण अंदाज अर्धा ते एक किलोटन (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी) यांच्या आसपासचे आहेत. एकाच मालाचा समतुल्य आकडाही धक्क्याचा दाब धरला की एक आणि उष्णता धरली की दुसरा येतो.

१६. १९४४ चा मुंबई गोदीचा स्फोट अशा चाचण्यांनी टळला असता का?

नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. स्फोटकांचे गुण सगळ्यांना पाठ होते. चूक शेजाराची होती. आग लागलेला कापूस विझता विझत नाही, आणि दुपारी चारनंतर दोन स्फोटांत गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

आज चाचण्यांच्या निकालांवरून मालाला धोक्याचा वर्ग आणि सुसंगततेचा गट मिळतो, आणि कशाशेजारी काय ठेवायचं नाही ते त्यावरून ठरतं. चाचणीचा कागद गोदामातल्या माणसापर्यंत पोचला तरच त्याचा उपयोग.

१७. फटाक्यांचीही अशी चाचणी होते का? १२५ डेसिबल म्हणजे कुठून मोजायचे?

होते, आणि मोजण्याची जागा नियमात लिहिलेली आहे. १९९९ च्या नियमानुसार फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी) शिखर ही कमाल. एआय आणि सी या आवाज मोजण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. खाली किमान ५ मीटर व्यासाची टणक काँक्रीटची जमीन आणि १५ मीटरपर्यंत आवाज परतवणारी भिंत नको. सोसायटीच्या दोन इमारतींमध्ये मोबाइलवरच्या ॲपने घेतलेला आकडा म्हणूनच वादात टिकत नाही.

माळेचा नियम फार कमी लोकांना माहीत असतो. माळेतल्या प्रत्येक फटाक्याची मर्यादा फटाक्यांच्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या पाचपटीने कमी होते. शंभरच्या माळेला दहा डेसिबल कमी, म्हणजे प्रत्येक फटाका ११५ च्या आत.

सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशानंतर ‘हरित’ फटाक्यांचा विषय आला. त्यांची सूत्रं नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली, नावं स्वास, सफल आणि स्टार. दावा साधारण तीस टक्के कमी कणांचा आहे. तीस टक्के कमी म्हणजे सत्तर टक्के शिल्लक, हे पिशवीवर कुणी छापत नाही.

१८. भारतात हे काम कुठे चालतं?

महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यात पाषाणजवळ सुतारवाडीला डीआरडीओची एचईएमआरएल ही उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे. तिचं मूळ १९०८ साली नैनितालला सुरू झालेल्या रासायनिक परीक्षकाच्या कार्यालयात. पुण्यात १९६० साली ती ईआरडीएल (स्फोटक संशोधन आणि विकास प्रयोगशाळा) झाली आणि १९९५ साली आजचं नाव मिळालं. नागपूरला पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आहे आणि शहराजवळ गोंडखैरीला त्यांचं चाचणी केंद्र. मोठ्या स्फोटांच्या मोजमापाला डीआरडीओचीच चंडीगडची टीबीआरएल ही प्रयोगशाळा. कोळसा खाणीतल्या सुरुंगाच्या दारूने मिथेन पेटतो का, हे धनबादच्या सीआयएमएफआर या खाण आणि इंधन संशोधन संस्थेत तपासतात.

१९. एम. एस्सी.च्या प्रकल्पात किंवा घरी एखादी छोटी चाचणी करता येईल का?

घरी नाही, कुठल्याही मापात नाही. १८८४ चा स्फोटके अधिनियम, २००८ चे नियम आणि १९०८ चा स्फोटक पदार्थ अधिनियम यांत ‘मी फक्त मिलीग्रॅमभरच केलं’ असा बचाव चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न ८ पुन्हा वाचा.

कॉलेजात करण्यासारखं मात्र खूप आहे. प्रकाशित आकड्यांवर कॅमलेट-जेकब्सचं सूत्र चालवून बघा. ब्रूसटन पद्धतीचं गणित काचेच्या गोट्या किंवा खडू किती उंचीवरून पडल्यावर फुटतात यावर बसवा. संख्याशास्त्र तेच, बोटं शाबूत. डीएससी शिकायला साधे निरुपद्रवी पदार्थ पुरतात. या विषयात नोकरी मिळवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिलं स्फोटक प्रयोगशाळेत रुजू झाल्यानंतरच पाहिलेलं असतं.

२०. स्फोटक जुनं झालं की त्याची ताकद जाते का?

कधी जाते, पण धोका बहुधा वाढतो. नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली दारू स्वतःहून सावकाश विघटित होते, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात आणि तीच पुढचं विघटन वेगाने करतात. म्हणून डायफिनायलअमाइनसारखा स्थिरक घालतात, जो हे वायू गिळतो. स्थिरक संपत आला की साठा काढून टाकायचा.

हे तपासायची फ्रेडरिक एबलची चाचणी दीडशे वर्षांची आहे. नळीत थोडा माल तापवायचा, वर पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेली कागदाची ओलसर पट्टी टांगायची. पट्टीवर तपकिरी रेघ उमटायला किती मिनिटं लागली ते घड्याळावर बघायचं. रेघ लवकर आली तर माल आजारी. दुसरी व्हॅक्यूम स्टॅबिलिटी चाचणी, निर्वात नळीत माल तासन्‌तास तापवून किती वायू सुटला ते मोजायचं. रंग, प्लास्टिक किंवा डिंक स्फोटकाशेजारी चालेल का, हेही याच यंत्रात दोघांना एकत्र तापवून कळतं.

२१. शेतात जुना गंजलेला गोळा सापडला. इतक्या वर्षांनी तो निकामीच असणार ना?

गंज बाहेरच्या पोलादाला चढतो, आतला माल प्रश्न २० मध्ये लिहिल्याप्रमाणे आपल्या गतीने बदलत असतो. फ्यूजमधले (गोळ्याचा स्फोट सुरू करणाऱ्या भागातले) काही धातू अझाइडशी संयोग पावून आणखी नाजूक क्षार तयार करतात. तांब्याचं अझाइड त्यातलं कुप्रसिद्ध. गोळीबाराच्या सरावाच्या मैदानांजवळच्या गावांत भंगारासाठी गोळे फोडताना माणसं गेली आहेत. हात लावू नका, हलवू नका, पाणी टाकू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. आला त्याच वाटेने मागे फिरा, जागा लक्षात ठेवा, इतरांना लांब ठेवा आणि ११२ वर फोन करा. बॉम्बशोधक पथक येईपर्यंत त्या बांधावर ट्रॅक्टर नेऊ नका.